मामांच्या डोळ्यातून काढलेली कुसळं

डोळ्यांच्या डॉक्टरला कशाचीच किळस येत नसेल, असं लोकांना वाटतं. मला येते. सकाळी ओपीडीत पहिला पेशंट समोर बसतो, यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवतो आणि भिंगातून त्याच्या पापण्या मला बशीएवढ्या दिसायला लागतात. केसांच्या मुळाशी कोंड्यासारखी खपली, कोपऱ्यात पिवळी चिपडं, खालच्या पापणीच्या खाचेत साचलेला पातळ पू. एकदा एका चिमुरडीच्या पापण्यांच्या केसांना उवा चिकटलेल्या होत्या आणि प्रकाश पडल्यावर त्या पाय हलवत होत्या. त्या दुपारी मी डबा उघडला नाही. मिरजेच्या ज्या दवाखान्यात मी काम करते, तिथल्या सिस्टर मला यावरून हसतात. चेहरा न बदलता तपासायचं एवढं मी शिकले आहे. किळस काही थांबवता आलेली नाही.

तरी ही किळस साधी. हात धुतले की निम्मी जाते. हात धुऊन न जाणारी किळस मला मामांच्या आजारात कळली.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे थोरले भाऊ. फौजेतून हवालदार होऊन परत आले आणि वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी घरचा ऊस बघू लागले. माझं बालपण वाईत गेलं, पण सुट्ट्या सगळ्या मामांकडे. स्वच्छतेच्या बाबतीत हा माणूस विलक्षण कडक. रोज दाढी, रोज बुटांना पॉलिश, नखं कायम कापलेली. कुणाच्या उष्ट्या भांड्याला ते ओठ लावत नसत. तांब्या घरचा असला तरी वरूनच धार तोंडात सोडणार. आम्ही पोरं एकाच ताटात जेवायला बसलो की ते म्हणायचे, "काय गं ही डुकरावानी तोंडं घालताय." हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते अशा माणसाच्या बाबतीत झालं.

मामांनी नवीन घर बांधलं आणि वास्तुशांतीला मला बोलावलं. मी पोचले तेव्हा मांडवात पहिली पंगत बसली होती आणि घरधनी मात्र मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, खुर्ची टाकून एकटे बसले होते. डोळ्यांवर काळा गॉगल. मामींनी पोरांना दम दिला होता की आजोबांजवळ जायचं नाही, त्यांचे डोळे आलेत.

"या डॉक्टरीणबाई," मामा म्हणाले. "लांबनंच बोल बाई. डोळं आल्यात."

"दोन्ही?"

"न्हाई, ह्यो डावाच तेवढा."

"कधीपासून?"

"झालं की आठ-दहा दिस."

इथेच मला खटकलं. डोळे येतात तेव्हा बहुतेक एकामागून दुसरा येतोच. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात, कोमट पाण्यानं सोडवाव्या लागतात. डोळा लाल असतो, खुपतो, पण चिपड पुसलं की माणसाला दिसतं नीट. आठवडाभरात बहुतेक वेळा उतार पडतो. मामांची दाढी नेहमीसारखी घोटलेली होती, गालावर चिपडाचा मागमूस नव्हता. होती ती फक्त पाण्याची धार, गॉगलखालून मिशीपर्यंत आलेली.

"गॉगल काढा."

"आत्ता? पाव्हणं जेवाय बसल्यात."

"काढा, मामा."

त्यांनी काढला आणि उजेड लागताच पापण्या अशा गच्च मिटल्या की कपाळाच्या सगळ्या आठ्या एका जागी आल्या. मी त्यांचा उजवा डोळा तळहातानं झाकला, डाव्यासमोर बोटं धरली आणि किती आहेत विचारलं.

"बोटं कुठली? हात हलतोय एवढं कळतंय."

हात धुऊन मी वरची पापणी हलकेच उचलली आणि मोबाईलची बॅटरी बाजूनं धरली. समोरून प्रकाश टाकला तर बुबुळ नुसतं चमकतं, काही कळत नाही. तिरका टाकला की बुबुळाच्या काचेवरचा ओरखडासुद्धा दिसतो. पांढरा भाग लालभडक झाला होता, आणि लाली बुबुळाच्या कडेभोवती जास्त दाटली होती. बुबुळाच्या मधोमध, जरा खाली, एक मळकट पांढरा डाग. कोरडा, खरखरीत, किंचित वर आलेला, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. आणि बुबुळाच्या मागे तळाशी पिवळसर रेघ. डोळ्याच्या आत साचलेला पू, भांड्याच्या तळाशी साका बसावा तसा.

"उसाचं पातं लागलं होतं ना?"

मामांनी पापणी मिटून घेतली. "व्हय. पाला काढताना सपकन् बसलं. तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगायला कशाला हवं. आमच्या भागात असा डोळा आला की आम्ही पहिला प्रश्न उसाचाच विचारतो. पात्याची धार बुबुळाला कापते आणि पात्यावरची बुरशी त्या चिरेत जाऊन बसते.

तेवढ्यात मामी माझ्यासाठी शिऱ्याची ताटली घेऊन आल्या. मी विचारलं, "मामी, डोळ्यात काय काय घातलंत?"

"काय न्हाई गं. पयल्या दिवशी मध घातला. मग मेडिकलवाल्यानं थेंब दिलं. लय गुणाचं थेंब, दुसऱ्या दिवशी लाली निम्मी गेली बग. पर खुपायचं काय ऱ्हाईना, म्हणून मग त्या बाईकडं न्हेलं."

"कुठल्या बाईकडं?"

मामा टाकीकडे बघायला लागले. मामींनी आवाज खाली आणला. "ती जिभंनं काढती की. डोळ्यात जीब फिरवती आन् आतला कचरा तोंडात वडून घेती. ह्यांच्या डोळ्यातनं तीन कुसळं निगाली. मी माझ्या डोळ्यानं बगितली."

माझ्या हातात शिऱ्याची ताटली होती. तुपानं चमकणाऱ्या त्या शिऱ्याकडे बघवेना. ताटली मी टाकीच्या कट्ट्यावर ठेवली. उष्ट्या तांब्याला ओठ न लावणारे माझे मामा, आणि त्यांच्या उघड्या डोळ्यात, चिरलेल्या बुबुळावर, कुणाची तरी जीभ.

"मामा, तुम्ही करून घेतलंत?"

"दुखतंय तवा काय बी करतो मानूस," ते म्हणाले. "तमाकूचा वास येत हुता तिच्या तोंडाला. अजून जात न्हाई नाकातनं." एवढं बोलून त्यांनी गॉगल परत चढवला.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मिरजेला निघायचं. मामी कळवळल्या. "आज वास्तू हाय. आज घरधन्यानं घर सोडाय नगं. उद्या सकाळी न्हेऊ की गं."

"उद्या हा डाग आणखी मोठा झालेला असेल, मामी. बुबुळाला भोक पडलं तर मी काहीच करू शकणार नाही."

त्या काही बोलणार, तोवर मामाच उठले. पाहुण्यांकडे न बघता मागच्या दारानं बाहेर पडले आणि माझ्या गाडीत जाऊन बसले. मामी नव्या साडीतच मागून धावत आल्या.

दवाखान्यात मी त्यांना यंत्रासमोर बसवलं. केशरी रंगाची कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली आणि निळा प्रकाश सोडला. बुबुळाचा साल गेलेला भाग हा रंग धरून हिरवागार चमकतो. मामांच्या बुबुळाचा मधला बराच भाग हिरवा झाला. मग बधिर करणारे थेंब घालून मी त्या डागाचा चुरा बारीक सुरीच्या पात्यानं खरवडला, काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दिसले ते धागे. लांब, फांद्या फुटलेले, एकमेकांत गुंतलेले.

"काय हाय?" मामांनी विचारलं.

"बुरशी."

"बुरशी? लोणच्यावर येती ती?"

"तिच्याच जातीतली."

ते सिस्टरना म्हणाले, "ताई, हात धुवाय साबण द्या जरा." डोळ्याला त्यांनी हात लावला नव्हता, तरी बराच वेळ ते बेसिनपाशी हात चोळत राहिले.

मामींच्या पिशवीतली थेंबांची बाटली मी बघितली. मला ज्याची शंका होती तेच औषध निघालं. स्टेरॉइड. योग्य आजारात, नीट तपासून दिलं तर हे औषध डोळा वाचवतं. पण बुरशी असलेल्या डोळ्यात ते घातलं की लाली उतरते आणि माणसाला बरं वाटतं. डोळा लाल असतो कारण शरीर त्या बुरशीशी झगडत असतं. हे थेंब ते झगडणंच बंद पाडतात. मामांच्या डोळ्यात बुरशीला आठवडाभर कुणी अडवलंच नव्हतं.

मामांना दाखल केलं. तासातासाला बुरशीवरचे थेंब सुरू झाले. मामी ते घड्याळ लावून घालायच्या, त्यात कधी चूक केली नाही. पण डाग हटायला तयार नव्हता. रोज सकाळी मी बघायची आणि रोज मामी विचारायच्या, "आत एकादं कुसळ ऱ्हायलं असंल का गं? त्या बाईला एकडाव परत दावूया का?"

मी त्यांना समजावलं की डोळ्यात तसं कुसळ असतं तर मला यंत्रात दिसलं असतं. त्या मान हलवायच्या, पण त्यांना पटलेलं नव्हतं. तीन कुसळं त्यांनी स्वतः बघितली होती. माझे धागे मात्र कुठल्याशा नळीतून डोकावल्यावरच दिसणार होते. शेवटी एका रविवारी, मामांजवळ माझ्या आईला बसवून, मीच म्हटलं, "चला मामी, मला दाखवा ती बाई."

गावापासून थोड्या अंतरावर, डांबरी रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड होतं. बाहेर दुचाक्या उभ्या होत्या, एक चारचाकीही होती. आत सतरंजीवर दहाबारा माणसं बसलेली. बाई पन्नाशीची, सीमेकडच्या गावातून इथे येऊन राहिलेली, बोलण्यात कानडी हेल. समोर पाण्याचा तांब्या आणि एक स्टीलची ताटली. बाई एक घोट घेऊन चूळ भरायची, समोरच्याचा डोळा दोन बोटांनी फाकवायची आणि वाकून जीभ आत घालायची. जीभ पांढऱ्यावरून, बुबुळावरून, पापणीच्या आतून फिरायची. मग ताटलीत थुंकायची. थुंकीत तंबाखूची पिवळी झाक आणि मधोमध एक बारीक कुसळ. लोक माना पुढे काढून बघायचे आणि हळहळायचे. ताटली ती त्याच तांब्यातल्या पाण्यानं खळबळायची आणि पुढचा माणूस बसायचा. एका म्हातारबाबांच्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू होता, बाहुली दुधासारखी पांढरी, दारातूनच ओळखू येत होता. त्यांच्याही डोळ्यातून कुसळ निघालं. एका बाईच्या पापणीवर टरारलेली रांजणवाडी होती. जीभ त्या फोडावरून फिरली आणि तशीच पुढच्या डोळ्यात गेली.

मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

तेवढ्यात एका तरुण आईनं मांडीवरचं तान्हं पुढे केलं. बाळाच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं, पापणीवर चिपड होतं, पण डोळा लाल नव्हता, पांढराशुभ्र होता. नाकात उतरणारी अश्रूंची वाट जन्मतः पूर्ण उघडलेली नसली की असं होतं. नाकाजवळच्या कोपऱ्याला बोटानं रोज नीट मालिश केलं तर बहुतेक बाळांचं आपोआप सुटतं. बाई वाकायला लागली तशी मी पुढे होऊन बाळाच्या तोंडावर माझा हात आडवा धरला.

"मी डोळ्यांची डॉक्टर आहे. या बाळाला हात लावायचा नाही."

शेडमध्ये गलका झाला. बाई मात्र शांत होती. "आमी कुणाला बोलवायला जात न्हाई बाई. गुन येतोय म्हणून येत्यात."

"मग तोंड उघडून दाखवा. आत्ता, डोळ्यात जीभ घालायच्या आधी."

तिनं ओठ आवळले. कुणीतरी मागून म्हणालं, "आवं डाक्टरबाई, तुमाला जमत न्हाई म्हणून तिला कशाला वंगाळ बोलताय?"

मी उत्तर देणार एवढ्यात मामी सतरंजीवरून पुढे सरकल्या आणि त्या बाईसमोर बसल्या. "माझा डोळा बग. लय खुपतोय."

मी "मामी, नको," म्हणेपर्यंत तिनं चूळ भरली होती. मामींनी स्वतःच पापणी वर ओढून धरली. जीभ आत गेली, फिरली, बाहेर आली. ताटलीत थुंकी पडली आणि थुंकीत कुसळ.

मामी ताटलीकडे बघत राहिल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला कायबी झालेलं न्हाई. कवाच न्हवतं. हे कुसळ आलं कुटनं?"

बाईनं ताटली मागे घेतली. मामी उठल्या, शेडबाहेर नळ होता तिथवर गेल्या आणि वाकून भडाभडा ओकल्या. मग कितीतरी वेळ ओंजळीनं डोळ्यावर पाणी मारत राहिल्या. मी पाठीवर हात ठेवला तर त्यांनी तो झटकला. "माझ्या नवऱ्याचा डोळा मी हिच्या तोंडात दिला," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाणी मारायला लागल्या. बाळ घेऊन ती आई मागोमाग बाहेर आली. नळाजवळच हात धुऊन तिला मी मालिश कसं करायचं ते दाखवलं.

परत येताना मी गाडी त्या मेडिकलसमोर थांबवली. दुकान चकचकीत, काचा पुसलेल्या, आत अगरबत्तीचा वास. मालक शिकलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी मामांची बाटली दाखवली आणि हे थेंब चिठ्ठीशिवाय कसे दिले म्हणून विचारलं.

"मॅडम, तुम्ही डॉक्टर लोकच लिहून देता की हे."

"तपासून देतो. तुम्ही बॅटरी तरी मारून बघितलीत का डोळ्यात?"

"बघायचं काय त्यात? लालीसाठी माणूस येतो, लाली जाते. तक्रार कुणाचीच नाही." त्यानं पोऱ्याला सांगून माझ्यासाठी थंड पेय उघडायला लावलं. "मामांना आराम पडेल, काळजी करू नका."

ती गार बाटली त्यानं माझ्यापुढे सरकवली तेव्हा मला आलेली किळस शेडमधल्यापेक्षा जास्त होती. त्या बाईला अक्षरओळख नसावी. ह्याला बाटलीवर काय छापलंय ते वाचता येत होतं. पेयाला हात न लावता मी बाहेर आले. नंतर मी रीतसर तक्रार केली. तपासणीला माणूस येऊन गेला, आणि मग ते थेंब समोरच्या फळीवरून काउंटरखाली गेले, असं मला गावातल्यांनीच सांगितलं. ती बाईही आहे अजून. मामींच्या गावचं कुणी तिच्याकडे जात नाही, कारण मामींनी नळापासची हकीकत घरोघर जाऊन सांगितली, स्वतःची लाज न बाळगता. दुसऱ्या गावांच्या गाड्या शेडबाहेर लागतातच.

मामांचा डाग हळूहळू आटला. पुवाची रेघ गेली, ठणका थांबला, ते गॉगलशिवाय उजेडात बसू लागले. पण बुबुळावर पांढरं फूल पडलं ते कायमचं. त्यातून पलीकडचं काही दिसेना. मी सांगितलं, वरिष्ठ सर्जननीही सांगितलं की आता डोळा पुरता शांत झाला की बुबुळ बदलून बघता येईल.

"बदलून म्हंजी? कुणाचं बसवणार?"

"ज्यांनी मेल्यानंतर डोळे दिलेत, त्यांचं."

मामांचं तोंड असं झालं की मला उष्ट्या तांब्याची आठवण झाली. "मेलेल्या मानसाचं कातडं माझ्या डोळ्यावर? नगं गं बाई. मला घास जायाचा न्हाई."

बरेच महिने ते अडून राहिले. मी पुष्कळ समजावलं, आईनं समजावलं, उपयोग झाला नाही. शेवटी मामी एकदा जेवण वाढताना म्हणाल्या, "जित्या बाईची जीब चालली तुमास्नी. मेलेल्या मानसानं तर तुमचं काय वंगाळ केलेलं न्हाई." मामा ताटावरून उठले नाहीत, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "बुबुळाच्या यादीत नाव लाव माझं."

बुबुळ मिळालं. ते कुणाचं, हे आम्हाला सांगत नाहीत आणि आम्ही विचारतही नाही. ऑपरेशन त्याच वरिष्ठ सर्जननी केलं, मी मदतीला उभी होते. पट्टी उघडली तेव्हा मामांना समोरच्या खिडकीचा चौकोन दिसला आणि माझा पांढरा कोट दिसला. पुढच्या काही महिन्यांत नजर इतकी सुधारली की डाव्या डोळ्यानं मामींचा चेहरा ओळखू येतो, वर्तमानपत्रातले मथळे लागतात. पूर्वीची नजर आली नाही. ती येणार नाही हे त्यांना माहीत आहे. आता ते उसात शिरताना साधा पारदर्शक चष्मा लावतात आणि गड्यांनाही लावायला सांगतात. निम्मे गडी तो बांधावर काढून ठेवतात.

परवा तपासणीला आले होते. यंत्राला जोडलेल्या पडद्यावर मी त्यांना त्यांचा डोळा दाखवला. लालसर शिरा, ओलसर पापणी, आणि बुबुळाभोवती सूर्याच्या किरणांसारखे काळे बारीक टाके, काहींच्या गाठीला शेंबडासारखा चिकट धागा लोंबत होता. मामांनी मान पुढे घालून उजव्या डोळ्यानं नीट बघितलं, मग उजवा झाकून डाव्यानं बघितलं.

"लय घाण दिसतंय गं," ते म्हणाले. "पुस की तेवढं."

मी कापसाचा बोळा ओला केला.